दोन सह्यांचं पत्र

परराष्ट्र खात्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत जावक विभाग आहे. तिथे एकोणतीस वर्षं एकच बाई बसते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची वहीत नोंद करायची, क्रमांक घालायचा आणि शिक्का मारायचा. सगळे तिला ठसेबाई म्हणतात. तिच्या शिक्क्याशिवाय मंत्र्याचं पत्रसुद्धा नुसता कागद. आणि वाचल्याशिवाय ती शिक्का मारत नाही. "न बघता ठसा उमटवायला मी काय यंत्र आहे?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. परदेशातल्या लढाईत अडकलेल्या कामगारांच्या घरच्यांचे अर्ज घेऊन महिनाभर मी तिच्या दाराबाहेरच्या बाकावर ठिय्या देऊन होतो.

त्या अडकलेल्यांत तिचा धाकटा भाऊही होता. वेल्डर. चाळीस जणांबरोबर एका शाळेच्या तळघरात.

लढणारे दोन्ही देश कसेबसे एका गोष्टीला राजी झाले होते. पुलावर आमचे निरीक्षक उभे राहतील अशी लेखी हमी आमच्या सरकारने बुधवारी पाचच्या आत द्यायची. मग गुरुवारी दिवसभर तोफा बंद आणि कामगारांची बस पूल ओलांडणार. एका पानाचं पत्र हो!

पण निरीक्षक संरक्षण खात्याचे आणि पत्र परराष्ट्र खात्याचं. दोन मंत्री दोन पक्षांचे, एका सरकारात सवतींसारखे नांदणारे. हा म्हणे माझी सही वर, तो म्हणे माझी. शेजारी शेजारी करा म्हटलं, तर डावीकडे कोण यावरून जुंपली. फाइल चार वेळा जिना चढली-उतरली. तिकडे माणसं मरतायत आणि इकडे हे रुसलेल्या व्याह्यांसारखे फुगून बसलेले!

चार वाजता सचिव खाली आला. हातात दोन पत्रं. मजकूर तोच, एकावर हा वर, दुसऱ्यावर तो.

"बाई, दोन्हींवर क्रमांक घाला."

"साहेब, एका पत्राला एकच क्रमांक असतो. दोन गेली तर ते विचारतील, तुमची सरकारं किती?"

"तुम्हाला अक्कल कुणी विचारलीय? पाचला मुदत संपते. भाऊ तिकडे आहे ना तुमचा?"

त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं मला. बाईने घड्याळाकडे पाहिलं आणि दोन्हींवर शिक्का मारला.

गुरुवारी सकाळी तिकडून विचारणा आली, यातली खरी हमी कोणती? उत्तर येईपर्यंत पूल बंद. बस पुलाच्या तोंडाशी तीन तास उभी राहिली आणि गोळीबार सुरू झाल्यावर मागे फिरली.

भावाचा फोन आला तेव्हा मी तिच्यासमोरच होतो.

"ताई, परत तळघरात आलोय. काय झालं गं?"

"मी शिक्का मारला रे. दोन पत्रांवर. माझ्या हाताने."

तो म्हणाला, "तिथे एवढी मोठी माणसं असतात ना?"

"असतात. खुर्च्या भरून असतात."

दुपारी तिच्या टेबलावर कागद आला: एका पत्राला दोन क्रमांक कसे दिले, याचा खुलासा करावा. खाली दोन्ही मंत्र्यांच्या सह्या. एकाखाली एक! तासाभरात झालेल्या! थू यांच्या जिंदगानीवर. माणसं वाचवायला यांचं पेन उठत नाही, बाईच्या डोक्यावर खापर फोडायला मात्र कसे गळ्यात गळे घालतात.

"ताई, चला बाहेर. घोषणा देऊ," मी म्हणालो.

"पुढारी, तुम्ही ओरडा बाहेर. शिक्का आत आहे."

शुक्रवारी तिकडून कळलं, शनिवारचा दिवस अजून मिळू शकतो, पत्र आज चारच्या आत हवं. सचिव पुन्हा आला. पुन्हा दोन! आता एकावर लिहिलेलं 'मूळ पत्र', आणि दुसऱ्यावरही 'मूळ पत्र'.

बाईने शिक्का खणात टाकला, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली.

"एक आणा."

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. एक आणा."

"आणि भाऊ?"

"त्याच्यासाठीच म्हणते."

सचिव दोन्ही कागद घेऊन जिना चढला. तेव्हा साडेतीन वाजले होते. वरून भांडणाचा आवाज खालपर्यंत येत होता, आता तारीख कुणाच्या खात्याने घालायची यावरून. बाईने जावक वही उघडली, आजच्या तारखेखाली पुढचा क्रमांक लिहिला, त्यापुढची ओळ कोरी ठेवली आणि जिन्याकडे बघत बसली.