आमचं श्रीस्थानक

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरी काकांना नुसतं 'ठाणे' म्हटलेलं चालत नसे. पाणी आलं नाही म्हणून तक्रार घेऊन गेलं तरी आधी बोट वर करून ऐकवणार, "ठाणे नाही हो, श्रीस्थानक! शिलाहारांची राजधानी. इथे पावलोपावली महादेवाची देवळं होती!" समोरच्याने मान डोलावली नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला ते आवडायचे.

मग रिडेव्हलपमेंटला इमारत पाडली आणि आम्ही सगळे तीन स्टेशनं पलीकडे, दिव्याला भाड्याने राहायला गेलो. पाया खणताना जेसीबीला दगडी नंदी लागला. एक शिंग मोडलेलं, पण गळ्यातली घुंगरमाळ अगदी स्पष्ट.

मी म्हटलं, "काका, पुरातत्त्व खात्याला कळवू या."

"वेड लागलंय का? ते आले की काम बंद! दिव्यातच म्हातारं व्हायचंय तुम्हाला?"

त्यांनी नंदीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, डोळे मिटून हात जोडले आणि वरून काँक्रीट ओतायला लावलं. मी भडकलो, तर माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत म्हणाले, "अहो, विधिवत ठेवलाय. आता तोच आपलं घर सांभाळेल." बाकीच्यांनी प्रसाद खाल्ला. मी तो तिथेच टाकला.

नव्या इमारतीचं नाव काकांनीच सुचवलं, श्रीस्थानक. खालच्या लॉबीत, नंदीच्या बरोबर वर उभे राहून ते पाहुण्यांना अजून शिलाहार ऐकवतात. परवा एकाने विचारलं, "मग त्यातलं आता काय उरलंय?"

काकांनी सुस्कारा सोडला. "काही नाही हो. आपल्या लोकांना कदरच नाही."