स्किन कलरचे टाइट्स

मुलगी नऊ वर्षांची असताना तिला बॅलेच्या वर्गात घातलं, तेव्हा सामानाच्या यादीत लिहिलं होतं: टाइट्स, स्किन कलर. आम्ही परदेशात राहतो त्या टॅम्पिनीसच्या मॉलमधल्या दुकानात मी तिच्या पायाशी जुळणारा तपकिरी जोड उचलला. दुकानातल्या बाईने तो हसत परत ठेवला आणि फिकट गुलाबी जोड माझ्या हातात दिला.

"हा स्किन कलर," ती म्हणाली.

"कोणाच्या स्किनचा?"

"बॅलेचा, लाह," इथल्या सगळ्यांसारखं शेवटी 'लाह' जोडून ती म्हणाली.

मी तो गुपचूप घेतला. पहिल्याच दिवशी का गप्प बसले, याचा राग मला आजही येतो.

त्या वर्षीच्या कार्यक्रमात सगळ्या मुली पांढऱ्या टुटूत, म्हणजे जाळीच्या फुगीर घागऱ्यात होत्या. स्टेजच्या मागे टीचरने पावडरचा डबा माझ्या हातात दिला. "हात आणि मान जरा उजळ करा. ओळ एकसारखी दिसायला हवी." मी नागपूरच्या बौद्ध वस्तीत वाढलेली. कोणापुढे मान खाली घालायची नाही, हे आमच्या घरात चालायला लागायच्या आधी शिकवलेलं. आणि मी माझ्या मुलीच्या कोपरांवर पावडर थापत होते. गुदगुल्या होऊन ती हसत होती. मीही तिच्याबरोबर हसले.

पुढच्या वर्षी टुटू शिवायला पालकांची मदत हवी होती. मी कापडाच्या धाग्यांवर, म्हणजे पॉलिमरवर संशोधन करते, पण साधी सुई मला धड चालवता येत नाही. तरी दर शनिवारी दुपारी मी जायचे. कपडे सांभाळणारी एक चिनी आंटी होती, सत्तरीची. जाळीचे दहा थर, प्रत्येक थर वरच्यापेक्षा आखूड, सगळे एकाच चड्डीवर टाचायचे. टाचता टाचता ती मला टुटूची गोष्ट सांगायची.

सुरुवातीला हा नाच राजदरबारातल्या पुरुषांचा होता, ती म्हणाली. मुखवटे, टाचांचे बूट, कडक घेर. बायका आल्या त्या जमिनीवर लोळणाऱ्या जड झग्यांत. पाय काय करतात ते कोणाला दिसतच नसे. मग एकीने झगा घोट्यापर्यंत कापला आणि गावभर बोंब झाली. पुढे घंटेच्या आकाराचे तलम पांढरे घागरे आले. तेव्हा स्टेजवर गॅसचे दिवे असत. घेर ज्योतीला लागला की पोरगी जळायची.

"कापड पेटू नये म्हणून औषध होतं की," मी म्हटलं. हा तर माझाच विषय.

"होतं. पण त्यात बुडवलं की जाळी पिवळी पडायची, कडक व्हायची. पोरींनाच नको असायचं. दिसायला पांढरंच पाहिजे." तिने दोरा दातांनी तोडला. "मग पायांची करामत वाढली तसा घागरा वर चढत गेला, शेवटी असा थाळीसारखा आडवा झाला."

"आणि गुलाबी टाइट्स?"

आंटीने माझ्याकडे पाहिलं. "पाय उघडे वाटावेत म्हणून. ज्यांनी सुरू केलं त्यांचे पाय तसे होते."

त्या दुपारी मी बसमधून उतरले आणि आमच्या ब्लॉकला दोन फेऱ्या मारून मगच वर गेले. तीनेकशे वर्षांत या पोशाखातलं सगळं बदललं होतं. लांबी गेली, टाचा गेल्या, मुखवटे गेले. नाचणारीला अडचण झाली की प्रत्येक वेळी कात्री चालली. फक्त माझ्या मुलीच्या पायांपाशी येऊन परंपरा थांबली होती.

मी नवरा घरी यायची वाट पाहिली नाही. नायलॉनचे टाइट्स, गरम पाणी, व्हिनेगर आणि रंग. धाग्याला रंग कसा धरवायचा, एवढं तरी मला येतं. तिसऱ्या जोडीला रंग बरोबर उतरला. मुलीने तो पायावर धरून पाहिला.

"आई, एव्हरीबडी पिंक घालतात. टीचर स्कोल्ड करेल."

"करू दे. मी बोलेन तिच्याशी."

तिने तो घातला, आरशात पाहिलं आणि पाय लांब केला. कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकच सलग रेघ दिसली. सरावाला ती तोच घालून गेली.

टीचरने संगीत बंद करून तिला बाकावर बसवलं. घ्यायला गेले तेव्हा ती तिथेच होती, मांडीवर टॉवेल घेऊन पाय झाकलेले. मी सरळ आत गेले.

"ही परंपरा आहे," टीचर म्हणाली. शांत, गोड आवाज. "व्यक्तिशः घेऊ नका."

"परंपरेने आज तुम्ही टाचांच्या बुटात असायला हव्या होत्या. आणि तुमचे घोटे आम्हाला दिसायला नको होते."

"ओळ एकसारखी दिसायला हवी."

"मग सगळ्यांना तपकिरी घाला."

ती जराशी हसली. त्या हसण्याने माझ्या डोक्यात सणक गेली. "स्टेजवर यायचं तर गुलाबी," ती मुलीकडे बघून म्हणाली. "तुझं तू ठरव."

दहा वर्षांच्या मुलीला तिने ठरवायला सांगितलं. आणि तिला त्या जागी आणून उभं करणारी मीच होते. वर्षभर सराव करून पाय सोलून घेतलेल्या माझ्या मुलीने गुलाबी म्हटलं. घरी आल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. नवरा म्हणाला, "तू उगाच वाढवलंस." मग मीही त्याच्याशी बोलले नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पावडरचा डबा फिरत आला, तेव्हा माझ्या मुलीने हात मागे घेतला. "नो, थँक यू," ती म्हणाली. टीचर थबकली, पण पडदा उघडायची वेळ झाली होती.

तिच्या पाठीचे हूक लावताना मला एक गोष्ट दिसली. टुटूला खांद्यावर दोन बारीक, अंगाच्या रंगाचे पट्टे असतात, प्रेक्षकांना दिसू नयेत असे. बाकी मुलींचे फिकट गुलाबी होते. माझ्या मुलीचे तपकिरी. हूक लावून मी वळले तर आंटी कोपऱ्यात दुसऱ्या कोणाचा तरी अंबाडा बांधत होती. तिने मान वर केली नाही.

माझी मुलगी चांगली नाचली. हात तिचे आणि पाय दुसऱ्या कोणाचे, असं मला सगळा वेळ दिसत राहिलं. शेवटी टीचर फुलं घ्यायला स्टेजवर आली तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. नवऱ्याने कोपर मारलं. मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

महिन्याभराने मुलीनेच विचारलं, दुसरीकडे जाता येईल का. आता ती क्वीन्सटाउनला एका छोट्या वर्गात जाते. जायला तास लागतो, खोलीचा आरसा एका बाजूला तडकलेला आहे, आणि मुली आपापल्या पायांच्या रंगाचे टाइट्स घालतात. तिथल्या टीचरला मी पहिल्या दिवशी केवढं लांबलचक सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, मग?"

नवरा म्हणतो, आता तरी सोड. त्याचं बरोबरही असेल. पण जुन्या वर्गाची पाटी बसच्या वाटेवर लागते, आणि ती मागे पडेपर्यंत माझे दात आवळलेलेच असतात.