पाठीला लावलेलं लाटणं

“ताठ!” म्हणत आक्का पाठीला लाटणं लावायची. मारायची नाही, मणक्याला उभं टेकवून धरायची. जिथे फट राहील, तिथे तुमची चूक.

रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आम्ही दोघी चपात्या लाटायचो. न्हावऱ्याहून एकाच बसने जायचो. दुपारपर्यंत कुठलीही बाई पोळपाटावर वाकतेच, तुम्हीही पाहिलं असेल. आक्का वाकायची नाही.

“वाकलं की वाईट इचार गोळा व्हत्यात. ताठ बस, रडू लांब जातंय.”

मी पाठीमागे तिला ‘महाराणी’ म्हणायचे. पन्नाशीत माझी अक्कलदाढ काढली होती. डॉक्टरने सोबत बरंच काही नेलं असावं.

सुनेशी भांडून आले, त्या दिवशी मात्र गुपचूप ताठ बसून पाहिलं. राग खरंच अर्ध्यावर आला. आक्काला सांगितलं नाही, उगाच फुशारली असती. आता नात मोबाईलवर वाचून सांगते, बसण्याचा मेंदूवर परिणाम होतो म्हणे.

मग आक्काच्या एकुलत्या एका लेकाला दौंडजवळ ट्रकने उडवलं. चार दिवस तो दवाखान्यात बेशुद्ध, आणि बाहेरच्या बाकावर आक्का. पाठ बाकाला लागू देईना.

“आक्का, टेक की जरा.”

“न्हाई गं. मी वाकले की त्यो जाईल.”

“खुळी का काय? पाठ तुझी, जीव त्याचा!”

शहाणीच ना मी! पाचव्या दिवशी दुपारी तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. घटकाभर लाकडासारखी राहिली, मग सैल पडली. माझं पातळ भिजेपर्यंत रडली. मला वाटलं, बरं केलं. ती उठायच्या आत डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले.

तिने मला कधी बोल लावला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

कँटीनला ती परत आलीच नाही. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. मी लाटणं घेऊन जायचे, पाठीला लावायचे. “आक्का, ताठ!” लाटणं मधेच टेकायचं, दोन्ही टोकं हवेत.

“ऱ्हाऊ दे गं. आता कुणासाठी धरू?”

यंदाच्या थंडीत ती गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा तशीच आखडलेली होती, गुडघे पोटाशी. तिला सरळ करायला चौघीजणी लागलो. निजवल्यावर मी तिच्या पाठीखाली हात घालायला गेले.

बोट शिरेल एवढीही फट नव्हती.