चाकू खाली ठेवायचा रिवाज

झरीच्या लिंबाजीला गाव आधी लिंब्या म्हणायचं. तो मॅट्रिक झाला तरी लिंब्याच. परभणीच्या एस.टी. डेपोत हेल्पर म्हणून लागला, खाकी कपडे घालून गावात आला, तरी लिंब्याच. त्याचा लिंबाजी केला तो चार बोटं लांबीच्या एका पात्यानं.

चाकू घडीचा होता. पातं ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचं. एका फिरत्या घिसाड्यानं तापवून, ठोकून, पाणी देऊन केलेलं. मूठ म्हशीच्या शिंगाची, काळी, हाताळून हाताळून आरशासारखी झालेली. ही म्हैस छप्पन साली किशनरावांच्या गोठ्यात मेली. लिंबाजीचा बाप सूर्यभान यानं ती ओढून नेली, पुढच्याच महिन्यात दीक्षा घेतली आणि त्यानंतर गावाचं एकही ढोर ओढलं नाही. शेवटचं म्हणून तेवढं शिंग ठेवून घेतलं. त्याची मूठ झाली, आणि बाप गेल्यावर चाकू लेकाकडे आला.

किशनराव म्हणजे ऐंशी एकर काळी जमीन आणि सतरा चाकू. पितळी मुठीचा हैदराबादी, उघडताना कटकट वाजणारा रामपुरी, हस्तिदंती म्हणून विकत घेतलेला आणि हाडाचा निघालेला एक. सगळे मखमलीच्या पेटीत. सतरा चाकूंनी आजवर कापलं काय, तर किशनरावांची नखं. पण शौक तो शौक. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या खळ्यावर बैठक बसायची. शाळेचे बन्सीधर मास्तर आपला सुपारीचा चाकू घेऊन यायचे, आडत दुकानाचे तात्याराव दोन पात्यांचा. मनगटावरचे केस काढून धार बघायची, टांगलेला दोरा एका फटक्यात तोडायचा, आणि मग तासभर त्या दोऱ्याच्या गोष्टी सांगायच्या, जणू पानिपत मारलं.

चौऱ्याहत्तर साली लिंबाजीनं बाजारात त्या चाकूनं टरबूज कापलं आणि किशनरावांनी ते पाहिलं. टरबूज नाही, चाकू पाहिला.

"लिंबाजी, बेस्तरवारी खळ्यावर ये," ते म्हणाले. लिंबाजीनं मागं वळून बघितलं, दुसरा कोणी लिंबाजी आहे का म्हणून.

तो गेला. बैठकीला एक रिवाज होता, तो मास्तरांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितला. "चाकू हातोहात द्यायचा नसतो. भांडण होतं. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. मग किशनरावांचा असो का तुझा."

लिंबाजीला हे फार पटलं. त्यानं जन्मात नियम पुष्कळ बघितले होते. सगळ्यांना सारखा लागू असलेला पहिल्यांदाच बघत होता. किशनराव चाकू खाली ठेवत, तात्याराव उचलत. तात्याराव खाली ठेवत, लिंबाजी उचले. चहा तेवढा लिंबाजीला वेगळ्या काचेच्या गिलासात यायचा. त्याचंही कारण त्यानं स्वतःच काढलं होतं : कपाचे कान तुटके असतील.

"तुमच्याच कपाचा कान कसा दरवेळी तुटतो?" त्याची बायको पंचफुला विचारायची.

"तुला न्हाई कळायचं. तिथं समदे चाकूचे शौकीन हायेत. चाकूवाल्याला जात नसती."

"बरं," पंचफुला म्हणायची. तिचं 'बरं' त्या चाकूपेक्षा धारेचं होतं.

तीन वर्षं अशी गेली. किशनराव तीन वर्षं एकच गोष्ट मागत होते. "त्यो चाकू दे. बदल्यात माझे तीन घे. अरे, म्हैस माझी व्हती, म्हंजी अर्धा चाकू माझाच हाय." सगळे हसायचे. लिंबाजीही हसायचा आणि चाकू घडी करून खिशात ठेवायचा. त्याच्यासाठी तो चाकू म्हणजे बैठकीतली जागा होती. चाकू गेला तर लिंबाजी राहील का पुन्हा लिंब्या होईल, याचा त्याला भरवसा नव्हता.

मग एका गुरुवारी डेपोतून लवकर सुटी झाली. लिंबाजी एक बस आधीची धरून आला आणि कडब्याच्या गंजीमागून खळ्यावर निघाला. पुढं बघतो तर तात्यारावांनी उघडा चाकू सरळ किशनरावांच्या तळहातावर ठेवला. किशनरावांनी तो मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी केस काढून बघितले आणि परत हातात दिला. भांडण काही झालं नाही. तिघं खुशाल हसत होते.

"आवरा आता," किशनराव म्हणाले. "लिंबाजीची बस यायलीय. खाली ठेवायचं सुरू करा."

लिंबाजी गंजीमागूनच घरी गेला.

पंचफुलानं ऐकून घेतलं. "आज कळलं तुमाला?"

"तुला कधी कळलं?"

"गिलासाच्या टायमालाच."

पुढच्या गुरुवारी तो नेमक्या वेळी खळ्यावर पोचला. बसला नाही. चाकू उघडला, पातं स्वतःच्या चिमटीत धरलं आणि मूठ किशनरावांपुढं केली.

"तुमाला पायजे व्हता ना. घ्या. पैसा नको, बदल्यात तुमचे तीन बी नको. निस्ता हातातून घ्या."

किशनरावांचे डोळे मुठीवर गेले, तिथून लिंबाजीच्या बोटांवर, आणि परत मुठीवर.

"खाली ठेव ना," मास्तर म्हणाले. "रिवाज कामून मोडायलास? भांडण होतं."

"गेल्या बेस्तरवारी तुमचं तिघांचं झालं का, गुरुजी?"

मास्तरांनी घसा साफ केला. तात्याराव आभाळाकडं बघू लागले. पाऊस येण्यासारखं तिथं काही नव्हतं.

किशनरावांच्या आत मोठी लढाई झाली असावी. एका बाजूला बापजाद्यांची अब्रू, दुसऱ्या बाजूला शिंगाची मूठ. भल्याभल्यांच्या भाषणांनी जे झरीत घडलं नव्हतं, ते हावरेपणानं घडवलं. त्यांनी हात पुढं केला. बोटाला बोट लागलं. त्यांनी चाकू घेतला, लगेच मिटला आणि कोटाच्या खिशात घातला.

लिंबाजी रिकाम्या खिशानं आणि भरल्या छातीनं घरी आला. "त्यानं माज्या हातातून घेतला," त्यानं पंचफुलाला सांगितलं. "चौघात."

"घेतला न्हाई. तुमी दिला," ती म्हणाली. "आता कांदा कशानं चिरू, ते सांगा."

त्याचा आनंद तिथंच निम्मा झाला. उरलेला निम्मा पुढच्या गुरुवारी गेला. खळ्यावर गेला तर खळं रिकामं. बैठक मास्तरांच्या घरी भरायला लागली होती, आणि त्याला ते कोणी कळवलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी, दिवस मावळताना, किशनराव बौद्धवाड्यात आले. एकटेच, उपरण्यात काहीतरी गुंडाळून. लिंबाजी दारापुढच्या दगडावर बसला होता. किशनरावांनी उपरणं सोडलं. पात्यावर लाल ठिपके पडले होते. शिंगाची मूठ फुगली होती आणि चाकू अर्धा उघडून अडकला होता.

"आपोआप झालं हे," ते म्हणाले.

लिंबाजीनं बसल्या जागेवरून बघितलं. हा चाकू आधी बापाच्या कमरेला, मग त्याच्या स्वतःच्या खिशात वीस पावसाळे फिरला होता, नुसत्या तेलाच्या बोटावर. गंजला नव्हता.

"कशात भिजवला, किशनराव?"

"भिजवला म्हंजी..." किशनरावांनी आजूबाजूला बघितलं. "घरवालीनं रातभर गोमूत्रात घातला. बायामाणसाला कोन सांगावं. म्या नगं मनत व्हतो."

"लोखंडाला इटाळ नसतो मनतेत जुनी माणसं," लिंबाजी म्हणाला. "शिंगाला बी नसंल. पर पानी लागतं दोघास्नी."

"जाऊ दे ते. त्या मास्तराला दाखवला, तात्याला दाखवला, कोनाला उघडंना. तूच करशील नीट. धर." आणि किशनरावांनी कोणी न सांगता, स्वतःहून, चाकू लिंबाजीच्या हातापुढं धरला.

लिंबाजीचे हात गुडघ्यावर होते. ते तिथंच राहिले.

"खाली ठेवा," तो म्हणाला. "भांडण होतं."

किशनरावांनी त्याच्याकडं बघितलं. आजूबाजूच्या दोन-तीन दारांत माणसं उभी राहिली होती. मग ऐंशी एकरांचं ते पोट मोठ्या कष्टानं वाकलं, आणि चाकू धुळीत ठेवला गेला. ते सरळ झाले, धाप टाकत थांबले. लिंबाजी उचलेल म्हणून वाट बघू लागले.

लिंबाजीनं विडी काढली. काडी ओढली. पहिला झुरका सावकाश सोडला.

आतून पंचफुलाचा आवाज आला, "कोन हाय? काय चाललंय?"

"काही न्हाई," लिंबाजी म्हणाला. "रिवाज चालू हाय."