वायरलेसची खरखर

आगरदांड्याच्या जेट्टीवर लागणाऱ्या निम्म्या बोटींचे वायरलेस मी बसवलेले आहेत. घरच्या सेटच्या दुरुस्तीकडे मात्र मी ढुंकून पाहत नसे. मुलगा बोटीवर तांडेल झाला, बोट त्याच्या हातात आली, तेव्हा त्याच्याशी बोलता यावं म्हणून तो लावला होता. संध्याकाळी जाळं टाकून झालं की त्याची हाक यायची, "बाबा, जेवलात काय?" एवढंच. त्याची आई गेल्यापासून हे विचारणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

लग्नानंतर तो किहीमला राहायला गेला, पण बोट आगरदांड्यालाच लागायची आणि बोटीवरून हाकही यायचीच. मग गणपतीत मी इन्व्हर्टर घेतला आणि सेट फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडू लागला. त्याच सुमारास हाकही बंद झाली. मी सगळं खापर इन्व्हर्टरच्या माथी फोडलं. पोरगं बिचारं रोज हाका मारत असणार आणि त्या या खरखरीत बुडत असणार, अशी समजूत करून घेऊन दिवाळी काढली. फोन करून विचारता आलं असतं. भीती वाटायची, म्हणून नाही विचारलं.

शेवटी एका सकाळी गच्चीवर चढलो. इन्व्हर्टरवाल्याने आपली वायर खुशाल माझ्या एरियलच्या केबलला बांधून ठेवली होती. त्याचा मनसोक्त उद्धार केला आणि केबल सोलली. हिच्या मधल्या तारेतून आवाज जातो. भोवती तांब्याची विणलेली जाळी असते, ती बाहेरची कटकट अडवते. खाऱ्या हवेने ती जाळी हिरवी पडली होती, हातात तिचा भुगाच आला. दुहेरी जाळीची नवी केबल आणली, इन्व्हर्टरपासून लांब, दुसऱ्या भिंतीने फिरवली आणि टोकांना जाळी नीट सोल्डर केली. सेट लावला तर एकदम शांत. दिघीच्या फेरीबोटीवर कोणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी जेट्टीवर जाऊन मुलाला मुद्दाम सांगितलं, सेट आता स्वच्छ झालाय, खरखर गेली. बर्फ भरता भरता तो "बरं" म्हणाला.

त्या संध्याकाळी भात झाकून ठेवून सेटसमोर बसलो. आमच्या नेहमीच्या चॅनेलवर काही आलं नाही, म्हणून बाकीचे चॅनेल फिरवत गेलो, तर एकावर त्याचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं तसा. दुसऱ्या बोटीच्या तांडेलाशी गप्पा चालल्या होत्या, हसत होता. केवढं बरं वाटलं मला. मग तो तांडेल म्हणाला, "बापाला हाक मार की. वाट बघत असंल."

मुलगा म्हणाला, "न्हाय रे. त्यांचा सेट खराब हाय. नुसती खरखर. त्यांना काय ऐकू येत न्हाय."

एक अक्षरही बुडालं नव्हतं. बोलायचं बटण अंगठ्याखाली होतं, पण दाबलं असतं तर मी ऐकलं हे त्याला कळलं असतं. माइक हुकाला अडकवला आणि जेवायला बसलो.