मित्सुयो मावशीचं ‘बरंय की!’

जपानातल्या आमच्या गोतो बेटांवर दुखणं सांगणं म्हणजे समोरच्याला तसदी देणं. मित्सुयो मावशी तर यात सगळ्यांच्या वरताण. कॅमेलियाच्या बियांचं तेल काढताना बोट चेचलं, तरी म्हणाली, "बरंय की!" लोक याला चांगुलपणा म्हणतात. मला चीड येते.

मावशी आमची शेजारीण. माझ्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मावशीने मला आपल्या मुलाबरोबर अंगावर पाजलं. तो मुलगा पुढे समुद्रात बुडाला. मी उरले.

सत्तरीत तिला रक्ताचा एक वेगळाच कर्करोग झाला. जगात दुर्मिळ, आमच्या किनाऱ्यावर मात्र ओळखीचा. औषधांनी गेला आणि वर्षाच्या आत उलटला. नागासाकीच्या इस्पितळात डॉक्टर देगुची एका नव्या औषधाची चाचणी घेत होते. ते नेमक्या बिघडलेल्या पेशी हुडकून मारायचं म्हणे. समजावताना ते बोलून गेले, की या रोगाचा विषाणू बहुधा आईच्या दुधातून येतो.

परतीच्या बोटीत मावशी एवढंच म्हणाली, "कायो, रक्त तपासून घे."

तपासलं. विषाणू माझ्यातही निघाला.

"अगं, बहुतेकांना जन्मभर काही होत नाही," मी म्हटलं.

"मी तुला दूध पाजलं की वीख?" म्हणाली आणि रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने चाचणीला होकार कळवला. "मला लागू पडलं, तर तुझ्या वेळेला तयार असेल."

लागू पडलं. गळ्याच्या गाठी विरल्या. डॉक्टर विचारत, "काही त्रास?"

"बरंय की!"

ऐन उन्हाळ्यात ती लांब बाह्या घालायची. एकदा मी जबरदस्तीने बाही वर केली, तर हात सोललेल्या रताळ्यासारखा. सांगितलं तर औषध बंद करतील आणि माझ्या वेळेला ते तयार नसेल, ही तिची भीती.

देगुची मवाळ माणूस, पण मी त्यांना तो हात दाखवला तेव्हा कडाडले. "आजी, वेळीच बोलला असतात तर आवरता आलं असतं! आता थांबवावंच लागणार. आणि उद्या हे औषध तुमच्या या पोरीला द्यायचं झालं, तर काय सांभाळायचं हे मला कोण सांगणार?"

औषध थांबलं, गाठी परतल्या. मावशीचं तोंड मात्र सुटलं. खाज कुठे, आग कुठे, घास कुठे अडतो, येईल त्याला सांगायची. इस्पितळात शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "किती कुरकुरते म्हातारी!" मी तिच्याशी कडकडून भांडले.

शेवटच्या दुपारी डॉक्टरांना पायांच्या मुंग्यांविषयी सांगता सांगता तिला धाप लागली. मग माझ्याकडे वळली.

"नीट ऐकतेस ना गं? तुला होईल तेव्हा घाबरायचं नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?