समोरच्या घराला रजिस्टर पत्र

डेल्विन टिब्ससारखा सरळ माणूस अख्ख्या मेकन शहरात सापडणार नाही, असं गल्लीतले लोक म्हणायचे. सरळ होता खरा. पण अवघड काही तोंडावर विचारायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. टायरच्या गोदामातली नोकरी त्याला मानवली ती उगाच नाही. टायर उलटून बोलत नाहीत.

पोर दोन वर्षांची असताना बायको सोडून गेली. तेव्हापासून केझायाला समोरच्या मिस ओलेटा सांभाळायच्या. सत्तरीच्या बाई, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. दर शुक्रवारी डेल्विन त्यांच्या हातावर रोख पैसे ठेवायचा. त्या ते न मोजता ॲप्रनच्या खिशात टाकायच्या आणि वर मक्याच्या पावाचा तुकडा त्याच्याच हातात कोंबायच्या. चार वर्षांत दोघांमध्ये पावतीचा चिटोराही आला नव्हता.

यंदा फेब्रुवारीत तो वाचनालयात, कराचे फॉर्म फुकट भरून देणाऱ्यांच्या टेबलापुढे जाऊन बसला. तिथल्या हॉबार्ट नावाच्या पेन्शनर गृहस्थांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की, कामावर जाता यावं म्हणून पोर सांभाळायला दिली असेल, तर त्या खर्चापोटी करात सहाशे डॉलरची सूट मिळते. फक्त सांभाळणारीचं नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारदरबारचा ओळख क्रमांक, लिहावा लागतो.

डेल्विनने पेन खाली ठेवलं. रोखीचे पैसे म्हातारी सरकारला कशाला दाखवेल? नंबर मागायचा म्हणजे तिला पकडून द्यायचं. त्याने हे अडखळत बोलूनही दाखवलं. हॉबार्ट म्हणाले, बाईंनी नंबर नाकारला तरी सूट मागता येते. आपण मागितला होता याचा पुरावा मात्र हवा. आणि त्यांनी नंबर मागायचा छापील फॉर्म काढून दिला.

कुणीही शहाणा माणूस रस्ता ओलांडून गेला असता. डेल्विन पोस्टात गेला. फॉर्म पाकिटात घातला आणि पोचपावतीसह रजिस्टर केला. तीन दिवस गावभर हिंडून ते पत्र समोरच्या दारात पोचलं. पोस्टमनने मिस ओलेटांची सही घेतली, तेव्हा हा आपल्या खिडकीच्या पडद्याआड उभा होता.

आठवड्याने त्याच्याही दारात पाकीट पडलं, रीतसर तिकीट लावलेलं. आत वळणदार अक्षरात भरलेला फॉर्म, नंबरासकट. सोबत त्यांच्या चारही वर्षांच्या कराच्या कागदांच्या प्रती. त्याने दिलेला डॉलर न् डॉलर त्यात दाखवलेला होता आणि त्यावरचा कर भरलेला होता.

त्या संध्याकाळी तो रस्ता ओलांडून गेला. मिस ओलेटा व्हरांड्यात शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मिस ओलेटा, मला वाटलं की..."

"काय वाटलं ते समजलं. सही करून घेतलंय मी ते पत्र."

"मी तुम्हाला चोर म्हटलं नाही हो."

"म्हटलं नाहीस, तेच तर. चार वर्षं तुझ्या पोरीच्या वेण्या घालतेय मी. दारात उभं राहून मागितला असतास, तर हातातलं काम टाकून नंबर दिला असता. पण तू काही म्हणतच नाहीस, पोरा. मनातल्या मनात ठरवून मोकळा होतोस."

त्याने माफी मागितली. त्यांनी ती दिलीही, मान खाली घालून, शेंगा सोलता सोलता. मग म्हणाल्या, "मार्चपर्यंत सांभाळते. पुढचं बघ तू."

सहाशे डॉलर वेळेवर आले. केझाया आता शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या एका केंद्रात जाते. तिथे न मागता पावती मिळते. मिस ओलेटा थकल्यात, त्यांना आता झेपत नाही, असं त्याने पोरीला सांगून ठेवलंय. एप्रिलमधल्या एका शनिवारी दोघं दारातून बघत होती. समोर बाई टोमॅटोसाठी वाफा खणत होत्या, चांगल्या ठणठणीत.

"त्या थकल्या नाहीत, डॅडी," केझाया म्हणाली. "तू काय केलंस?"

डेल्विन तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.